किरकोळ खर्च

अक्काच्या गळ्यात खजिनदारकी पडली, कारण दुसरं कुणी ती घ्यायला तयार नव्हतं. पोलिसांच्या त्या छोट्या संघटनेची वार्षिक सभा होती. माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त, आणि जुने खजिनदार तात्या डोळ्यांच्या ऑपरेशनची सबब पुढे करून मोकळे व्हायच्या बेतात होते. अध्यक्षांनी एकेकाकडे पाहिलं, तशी एकेकाची मान खाली गेली. अक्का तेवढी खिडकीबाहेर बघत होती. तिची मान खाली जायची राहिली आणि नाव मुक्रर झालं.

अक्का ठाण्यात वायरलेसच्या खोलीत हवालदार होती. लग्न मोडून बरीच वर्षं लोटली होती. घरात ती आणि तिचे वडील अप्पा, अशी दोनच माणसं. अप्पा याच ठाण्यात जीपवर ड्रायव्हर होते, त्यामुळे जुन्या मंडळींच्या लेखी ती आधी ड्रायव्हरची पोरगी होती आणि मग हवालदार.

संघटनेची खोली ठाण्याच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या वर होती. लोखंडी जिना, एक पत्र्याचं कपाट, एक टेबल, कोपऱ्यात कातडं फाटलेला मोठा ढोल. भिंतीवर संस्थापकांचा फोटो. त्यांना सगळे मोठे फौजदार म्हणत. जाऊन जमाना झाला, तरी म्हातारे सभासद खोलीत शिरताना त्या फोटोकडे बघून नकळत शर्टाची बटणं तपासत.

तात्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, बँकेची कागदपत्रं दिली आणि जिना उतरता उतरता, चप्पल विसरल्यासारखे परत वर आले.

"एक सांगायचं राहिलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक म्हातारी येईल. तिला पाकीट द्यायचं. ती एक प्रश्न विचारेल. नाही म्हणायचं."

"कसला प्रश्न?"

"विचारेल तेव्हा कळेल. नाही म्हणायचं आणि उठायचं. बसवून घेऊ नकोस. चहा तर मुळीच विचारू नकोस."

"आणि पावती?"

"किरकोळ खर्चात टाक," तात्या म्हणाले, आणि या वेळी खरंच गेले.

अक्काने पहिले काही दिवस जुने जमाखर्च चाळण्यात घालवले. तिला आकड्यांचं वावडं नव्हतं. संघटनेचा सगळा जन्म तिच्या डोळ्यांपुढून गेला. एका शिपायाच्या अंत्यविधीला घरात पैसे नव्हते, तेव्हा वीस-बावीस जणांनी बिस्किटांच्या डब्यात वर्गणी जमवली, ती सुरुवात. पुढे मोठ्या फौजदारांनी वर शब्द टाकला आणि बेवारस मालाच्या लिलावातला निम्मा पैसा संघटनेला मिळू लागला. त्यातून बँडची वाद्यं आली. बँडच्या सुपाऱ्यांतून हॉल उभा राहिला. हॉल लग्नांना भाड्याने जाऊ लागला, तशी संघटनेच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली. पोरांच्या फिया, विधवांना शिलाई मशीन, निवृत्तांना चष्मे. मग गावात झगमगीत हॉल निघाले, ठाणी एकत्र झाली, तरुण पोलीस मोठ्या संघटनेकडे वळले. छत गळायला लागलं, ते दुरुस्त करायला कर्ज, कर्ज फेडायला वाद्यं विकली, आणि शेवटी हॉलच विकला. आता उरली होती ती एक मुदतठेव, ही खोली, आणि कुणी न घेतलेला ढोल.

या सगळ्या चढउतारात किरकोळ खर्च मात्र कधी थांबला नव्हता. उलट प्रत्येक खजिनदाराने तो थोडा थोडा वाढवला होता. कुणी मागितल्याची नोंद नव्हती. जो आला त्याने आपण होऊन वाढवला.

सोमवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. म्हातारी बुटकी होती, स्वेटरची कोपरं विटलेली, पण केस नीट विंचरलेले. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. अक्काने पाकीट दिलं. तिने ते न मोजता पिशवीत टाकलं आणि अक्काच्या तोंडाकडे पाहिलं.

"सायकल सापडली का?"

"नाही, आजी," अक्का म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, जणू टपाल नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती जिना उतरू लागली. कुठली सायकल, कुणाची सायकल, काही ठाऊक नसताना आपण किती सहज नाही म्हणालो! खोटं बोलायलाही आधी खरं माहीत असावं लागतं, तिला तर तेही नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात तेच झालं. तिसऱ्या महिन्यात अक्काने तात्यांची शिस्त मोडली. खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला.

म्हातारी कडेला टेकली. "तू वेगळी दिसतेस. आधीचे कुणी बस म्हणाले नव्हते."

"कुणाची सायकल, आजी?"

"माझ्या लेकाची. हिरवी. हप्त्याने घेतली होती, तीन हप्ते राहिले होते. ते मी नंतर फेडले." ती बशीत चहा ओतत म्हणाली. "छापखान्यात होता. एका संध्याकाळी मला म्हणाला, ठाण्यात जबाब द्यायला बोलावलंय, जाऊन येतो. मग कालव्यात सापडला. इथले म्हणाले, तो ठाण्यात आलाच नाही, वाटेतच पडला असेल. बरं, पडला. मग सायकल कुठाय? कालव्यात नाही, रस्त्यात नाही. माणूस बुडतो. सायकल पण बुडाली असती तर तळाशी असती ना? मी माणसं लावून तळ शोधला होता."

अक्काने समोरची जमाखर्चाची वही मिटली.

"आणि तुला सांगते, मला वेडी म्हणतात, पण ती गावातच होती. त्याने तिला दुहेरी घंटी बसवली होती, अशी दोन सुरांची. बाजारात मला ती ऐकू यायची. ओळखायची मी. वळून बघावं तर काळी सायकल, भलताच कुणी बसलेला." तिने बशी खाली ठेवली. "आता बरीच वर्षं झाली, नाही येत."

ती गेल्यावर अक्का तात्यांच्या घरी गेली. तात्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसले होते.

"तिचा मुलगा कालव्यात बुडाला, म्हणून आपण मदत करतो?"

"माणुसकी म्हणून."

"कालव्यात आणखी किती जण बुडाले असतील, तात्या. त्यांच्या आयांना कुठे देतो आपण?"

तात्यांनी झाकलेला डोळा चोळला. "ऊन लागतंय," म्हणाले आणि आत गेले. ओटा सावलीत होता.

पुढच्या सभेत विषय आपोआप निघाला. अध्यक्ष बाहेरून बदलून आलेला, उमदा माणूस. हिशोब सावरायच्या नादात त्याने इतकं छाटलं होतं की पाठीमागे त्याला कात्री म्हणत. त्याने किरकोळ खर्चावर बोट ठेवलं.

"हे काय आहे? आपल्या वर्षाच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा किरकोळ? हत्तीला मुंगी म्हटल्यासारखं झालं की हे! बंद करा."

मग मागून एक निवृत्त जमादार म्हणाला, "चष्म्यांचं बंद करा."

"माझी औषधाची मदत नको," दुसरा म्हणाला.

"सभेचा चहा बंद करा. पण ते राहू द्या."

जे एरवी बिस्किटाच्या पुड्यावरून भांडत, ते आज आपल्या तोंडचा घास काढून टेबलावर ठेवत होते. आणि कुणीही एकमेकांकडे बघत नव्हतं, सगळे फोटोच्या खालच्या भिंतीकडे बघत होते. ही माणुसकी नव्हती. माणुसकी असती तर एखाद्याने तरी म्हातारीची चौकशी केली असती. ती जिवंत आहे का, आजारी आहे का, असं कुणी विचारलं असतं.

कात्रीही गांगरला. त्याने विषय पुढे ढकलला.

घरी आल्यावर जेवताना अक्काने हे सगळं अप्पांना सांगितलं. अप्पा जेवायचे थांबले. नुसते थांबले. हात ताटातच. मग उठून हात धुतला आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. ही त्यांची जुनी सवय होती. भर दुपारी, सगळं शांत असताना, ते मधेच उठून दार उघडत आणि रस्त्याकडे बघत. लहानपणी तिने विचारलं की म्हणत, कुणीतरी वाजवलं वाटतं.

आज तिने वेगळं विचारलं.

"अप्पा, मला सायकल का नाही घेऊन दिलीत?"

"काय?"

"शाळा लांब होती. आई मागे लागली होती. तुमच्याकडे पैसे होते. मामा स्वतःची द्यायला तयार होता, तर तुम्ही त्याच्याशी बोलणं सोडलंत. घराच्या अंगणात कधी कुणाची सायकल टेकू दिली नाहीत. का?"

अप्पा दारातच खाली बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बसला तो लहान मुलासारखा, गुडघे पोटाशी घेऊन.

"तो माझ्याशी बोलला होता," ते म्हणाले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मधे थांबले नाहीत. त्या संध्याकाळी ते स्टँडपाशी जीप धूत होते. पोरगा हिरवी सायकल घेऊन आला. बोटांना छापखान्याची शाई. सायकल उभी करून म्हणाला, दादा, जरा लक्ष ठेवा हां, नवी आहे. अप्पा म्हणाले, ठेवतो. तो आत गेला. छापखान्याच्या मालकाचे पैसे गेले होते, आणि मालक मोठ्या फौजदारांचा दोस्त. आत मोठे फौजदार आणि दोघं.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"नळ मोठा सोडला मी," अप्पा म्हणाले. "जीप स्वच्छ झाली होती. तरी धूत राहिलो."

मग हाक आली. जीप मागच्या दाराला लाव. कालव्यापर्यंत अप्पांनी मान वळवून मागे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराची आई ठाण्याच्या दारात उभी होती, आणि सायकल भिंतीच्या पलीकडे, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. फौजदार म्हणाले, काळी कर. अप्पांनी मालाच्या शेडमध्ये बसून ती काळ्या रंगाने रंगवली. पुढच्या लिलावात ती बेवारस म्हणून गेली. निम्मे पैसे संघटनेला. हिशोबाला चोख होते मोठे फौजदार.

"घंटी?"

"ती काढायची राहिली. किंवा मला काढवली नाही. एका दूधवाल्याने घेतली सायकल. पंधरा-सोळा वर्षं गावात फिरत होती. आपल्या गल्लीतून जायची. वाजवत."

"आणि पैसे? छापखान्याचे?"

"मालकाच्या मेव्हण्याकडे निघाले. आठवड्याने."

अक्का भांडी तशीच ठेवून खोलीत गेली आणि दार लावून बसली. तिला राग यायला हवा होता, तो आला नाही. आली ती एक घाण शंका. आपल्या शाळेची फी, आईचा चष्मा, दोन्ही संघटनेतून आले होते. त्या डब्यातल्या कुठल्या नाण्याला काळा रंग लागला होता, हे आता कोण सांगणार?

पहिल्या सोमवारी तिने अप्पांना सोबत नेलं. बळजबरी केली नाही. फक्त म्हणाली, "मी या वेळी 'नाही' म्हणणार नाहीये. माझ्याकडून ऐकू द्यायचं की तुमच्याकडून, ते तुम्ही ठरवा." अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

म्हातारी आली. दारात परक्या माणसाला बघून थबकली. पाकीट घेतलं आणि सवयीने विचारलं, "सायकल सापडली का?"

"सापडली, आजी," अक्का म्हणाली. "आत या."

अप्पा उभे राहूनच बोलले. "मावशी, मी इथला ड्रायव्हर," इथून सुरुवात केली आणि घरी सांगितलं तसंच सगळं सांगितलं. नळाचंही. म्हातारी पिशवी मांडीवर धरून ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. खाली कुणीतरी स्टँडवरची सायकल काढली, चाकाचा कटकट आवाज झाला, आणि तिघंही त्या आवाजाकडे कान देऊन राहिले.

"घंटी तीच होती?" तिने विचारलं.

"तीच होती."

"बाजारात यायची ती?"

"हो. दूधवाला सकाळी बाजारातून जायचा."

"म्हणजे मी वेडी नव्हते." ती अक्काकडे वळली. "माझी बहीण याच्यावरून मला सोडून गेली. डॉक्टरकडे नेलं होतं मला. गोळ्या दिल्या होत्या." मग तिने पिशवीतून पाकीट काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवलं. "हे सायकलचे. विकलीत ना तुम्ही? मग हे माझेच. आता माणसाचं काय करायचं ते सांग."

अक्काकडे उत्तर होतं, ते नोकरीतून आलेलं. त्याच आठवड्यात ती दोघांना घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली आणि अप्पांनी शपथेवर जबाब दिला.

मग जे व्हायचं ते झालं. ठाण्यात अक्काशी बोलणं बंद झालं. वायरलेसवर माणसं तिला कामापुरती उत्तरं देत, आणि बटण सोडायच्या आत एखादी शिवी. तिची बदली दूरच्या चौकीवर झाली. तात्या एकदा बाजारात आडवे आले. डोळ्याची पट्टी निघाली होती, पण नजर लागत नव्हती.

"तुझ्या बापाने जन्मभर पचवलं. तुला चार महिने नाही पचलं?"

"पचलं असतं तर पैसे कशाला वाढवत गेलात, तात्या?"

पुढच्याच आठवड्यात तात्यांनीही जाऊन जबाब दिला. त्यात सांगितलं, पहिल्या खजिनदाराला झोप लागत नसे, म्हणून त्याने पाकीट सुरू केलं. ते पुढच्याच्या हाती देताना त्याने सगळं सांगितलं, त्याने पुढच्याला. तात्यांनी मात्र अक्काला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या पोरीला कसं सांगणार?

चौकशी रेंगाळली. आतल्या तिघांपैकी दोघं केव्हाच गेले होते. तिसरा अंथरुणावर होता, स्वतःच्या मुलालाही ओळखत नव्हता. अप्पांवर पुरावा नाहीसा केल्याचा खटला उभा राहिला. अखेर चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की तो ठाण्यात आला होता आणि ठाण्यातच मेला. म्हातारीने मृत्यूचा दाखला बदलून घेतला आणि तो घडी न घालता, पुठ्ठ्याला लावून घरी नेला.

संघटना त्या वर्षात मोडली. शेवटच्या सभेला जेमतेम डझनभर माणसं आली. फोटो कुणी काढला कळलं नाही. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा राहिला होता, आणि म्हातारे सवयीने त्याच्याकडे बघून बटणं तपासत होते. उरलेली ठेव म्हातारीला द्यावी, असा ठराव कात्रीने स्वतः मांडला. हात समसमान वर झाले, तेव्हा त्याने आपलं मत टाकलं.

"कुठल्या खाती लिहू?" अक्काने विचारलं.

"तुम्हीच ठरवा."

अक्काने त्या मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

म्हातारीने ते पैसे बँकेतून काढले की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण सोमवार तिने सोडला नाही. खोलीला कुलूप लागल्यावर ती अक्काच्या घरी येऊ लागली. अप्पांसमोर बसायची आणि म्हणायची, "सांग." अप्पा सांगायचे. पहिल्यापासून, नवी सायकल, शाईची बोटं, लक्ष ठेवा हां. मधे ती विचारायची, शर्ट कुठला होता? दमला होता का? काही खाल्लं होतं असं वाटलं? आठवत नसलं की अप्पा तसं कबूल करायचे, आणि ती मान हलवायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. त्यांनी कधी मागितलंही नाही. ती गेल्यावर अप्पा आडवे व्हायचे आणि दुपारभर गाढ झोपायचे. दार उघडायला उठणं थांबलं होतं.

खटल्याचा निकाल लागायच्या आत अप्पा गेले. म्हातारी अंत्यविधीला आली नाही. अक्काला वाटलं, संपलं.

पहिल्या सोमवारी दार वाजलं. म्हातारी आत येऊन नेहमीच्या जागी बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. तिने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"सांग."

"आजी, मी तिथे नव्हते. माझा तर जन्मही..."

"तू ऐकलंयस ना?"

अक्का खुर्चीत बसली. सुरुवातीला अडखळली, मग शब्द आपोआप येऊ लागले, इतक्या वेळा ऐकलेले. संध्याकाळ होती. ऊन भिंतीवर चढलं होतं. स्टँडपाशी पाणी सांडलं होतं, आणि तो हिरवी सायकल घेऊन आला, म्हणाला, दादा, जरा लक्ष ठेवा हां.

"मग?" म्हातारीने विचारलं.

"मी म्हटलं, ठेवतो."

बोलून गेल्यावर अक्का थांबली. तिचे हात गार पडले होते, पाण्यात धरल्यासारखे. म्हातारीने ऐकलं होतं, पण चूक दुरुस्त केली नाही. ती खुर्ची थोडी पुढे ओढून बसली.

"पुढे सांग," ती म्हणाली.